कुठले लोक? राज्यशास्त्राचा पहिला कोर्स घेणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या असाइनमेंटचं पहिलं वाक्य होतं, ‘लोकशाही म्हणजे लोकांच्या इच्छेने चालणारं राज्य.’ स्वतःवरच खूश होऊन लिहिलं होतं. कागद परत आला तेव्हा ‘लोकांच्या’खाली लाल रेघ होती आणि समासात दोनच शब्द: ‘कुठले लोक?’ पुढे ‘राज्य’खाली आणखी एक रेघ: ‘राज्य की सरकार?’ दहापैकी चार गुण. दोन दिवस मी धुमसत होते. एवढं उघड वाक्य, त्यात विचारायचं काय?

तिसऱ्या दिवशी लायब्ररीत बसून त्या पहिल्या प्रश्नाचा माग काढला. प्राचीन अथेन्सच्या सभेत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, बाहेरून येऊन तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलेही नव्हते. न्यूझीलंडने स्त्रियांना मताचा हक्क दिला १८९३ मध्ये. स्वित्झर्लंडने देशपातळीवर तो दिला १९७१ मध्ये, आणि तिथल्या ॲपेन्झेल इनररोडन या चिमुकल्या कॅन्टनमध्ये, म्हणजे प्रांतात, स्थानिक मतदानाचा हक्क मिळायला १९९० उजाडलं, तोही न्यायालयाने भाग पाडल्यावर. तोपर्यंत तिथेही ‘लोक’ मत देतच होते. त्या संध्याकाळी चार गुणांबद्दलचा माझा राग बराच उतरला.

पुढे दोन वर्षं मी पहिल्या वर्षाच्या मुलामुलींच्या अभ्यासगटात बसले, त्यांचे कागद वाचले, रडगाणी ऐकली. ठेचा लागण्याच्या जागा बहुतेकांच्या त्याच असतात. त्या ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने खाली लिहिते आहे.

वर्ग सुरू होण्याआधी

आधी स्वतःकडे पाहा. या कोर्सला साधारण तीन प्रकारची मंडळी येतात. पहिला प्रकार बातम्यांच्या किड्यांचा. कोणता नेता कधी कुठे गेला हे त्यांना तोंडपाठ असतं, पण ‘पक्ष मुळात असतातच कशाला?’ असं विचारलं की गप्प. मी त्यांच्यातलीच. दुसरे ‘सोपा विषय आहे, काहीतरी लिहून येतं’ म्हणून आलेले. त्यांना चौथ्या आठवड्यात झटका बसतो. तिसरे म्हणतात, ‘मला राजकारणातलं काही कळत नाही.’ माझ्या पाहण्यात सगळ्यांत नीट शिकतात ती ही तिसरी मंडळी, कारण शब्द कळला नाही तर ते लाजत नाहीत, सरळ विचारतात.

मग अभ्यासक्रमाचा कागद उघडा. पहिल्या कोर्समध्ये बहुतेक ठिकाणी चार तुकडे असतात: राजकीय विचार, संस्था आणि त्यांची तुलना, निवडणुका आणि पक्ष, आणि शेवटी आंतरराष्ट्रीय राजकारण. कोणत्या तुकड्याला किती आठवडे आणि गुण कशाला किती, एवढं पहिल्याच दिवशी वहीत उतरवा. बातम्यांवरच्या चर्चेला बहुधा एकही आठवडा नसतो. अनेकांची निराशा इथूनच सुरू होते, ती आधीच उरकून घेतलेली बरी.

पहिले दोन आठवडे: शब्दांची वही

वेगळी वही करा. एका पानावर एकच शब्द. वर शब्द, त्याखाली व्याख्या आणि ती कुणाची, मग तिच्यात चपखल बसणारं एक उदाहरण, आणि तळाशी तिला अडचणीत आणणारं एक उदाहरण. हे चौथं टाळू नका. व्याख्या खरी कळते ती तिथेच.

सुरुवात राज्य, सरकार आणि राष्ट्र या तिघांपासून करा. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, परीक्षेत त्याचे गुण जातात. बेल्जियमचं उदाहरण लक्षात ठेवा. जून २०१० च्या निवडणुकीनंतर पक्षांचं जुळेना आणि तब्बल ५४१ दिवस पूर्ण अधिकारांचं नवं सरकार बनलं नाही. जुनंच मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून बसलं होतं. तरीही कर गोळा होत होते, न्यायालयं चालू होती, आणि त्याच काळात युरोपियन युनियनच्या परिषदेचं सहा महिन्यांचं फिरतं अध्यक्षपदही बेल्जियमनेच सांभाळलं. नवं सरकार अडलेलं, राज्य मात्र जागच्या जागी. राष्ट्राचं पान याच्या उलट बाजूने भरता येतं. तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरियात विखुरलेले कुर्द स्वतःला एक मानतात, पण त्यांचं स्वतंत्र राज्य नाही. ब्रिटन हे एक राज्य, पण स्कॉटिश किंवा वेल्श माणसाला ‘तुझं राष्ट्र कोणतं?’ असं विचारून पाहा.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरची राज्याची व्याख्या तुम्हाला पहिल्या पंधरवड्यात भेटेलच. १९१९ मध्ये म्युनिकला विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात त्याने ती मांडली. आपल्या शब्दांत सांगायचं तर: ठरावीक भूभागात बळाच्या वैध वापराची मक्तेदारी यशस्वीपणे आपल्याकडे असल्याचं सांगणारा मानवी समुदाय म्हणजे राज्य. पाठ करायला कठीण आहे, म्हणून पाठ करू नका. तिचे स्क्रू एकेक करून काढा.

‘वैध’ काढा. आता एखाद्या वस्तीवर दहशत बसवलेली टोळीसुद्धा राज्य ठरते. ‘यशस्वीपणे’ काढा. परदेशात खोली भाड्याने घेऊन बसलेलं निर्वासित सरकारही मक्तेदारी सांगतंच, तेही आत आलं. ‘भूभाग’ काढा, मग सीमा कुठे संपते हे सांगता येत नाही. ‘मक्तेदारी’ काढा, म्हणजे बळ वापरण्याचा सारखाच हक्क सांगणारे दोन सैन्यप्रमुख एकाच गावात उभे राहिले तरी चालतंय. असं केल्यावर व्याख्या डोक्यातून जात नाही. मी आजही ती झोपेत सांगू शकते, आणि मला पाठांतराचा कंटाळा आहे.

मग शेजारी १९३३ च्या मोंटेव्हिडिओ कराराचे चार निकष लिहा: कायमस्वरूपी लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार, आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. वेबर बळाबद्दल बोलतो, कराराचे हे निकष बळाचा उल्लेखही करत नाहीत. एक जण राज्याकडे आतून पाहतोय, दुसरा बाहेरून. ‘दोन व्याख्यांची तुलना करा’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच तयार झालं.

विचारवंत आले की

हॉब्ज, लॉक, रूसो. तिघेही सामाजिक करार, म्हणजे माणसांनी आपसात ठरवून राज्य उभं केल्याची कल्पना, सांगतात, तिघेही ‘निसर्गावस्था’, म्हणजे राज्य नसतानाची अवस्था, सांगतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तिघांची खिचडी होते. माझा उपाय साधा होता: याला कशाची भीती वाटतेय?

हॉब्जचा ‘लेव्हायथन’ १६५१ चा. त्याआधीची नऊ वर्षं इंग्लंड यादवी युद्धात होरपळत होतं, १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवलं गेलं होतं, आणि हॉब्ज स्वतः पॅरिसमध्ये आसरा घेऊन होता. त्याला भीती यादवीची. म्हणून तो म्हणतो, सत्ता एकाच हाती द्या, ती कडक असली तरी चालेल, पण एकमेकांचे गळे कापणं थांबवा. लॉकला भीती मनाला येईल तसं वागणाऱ्या राजाची. म्हणून जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांचे हक्क आधी येतात, आणि राजाने विश्वासघात केला तर त्याला हटवण्याचा अधिकारही. रूसो १७६२ मध्ये लिहितो तेव्हा त्याला छळणारी गोष्ट तिसरीच: माणूस दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो. कायदा आपणच सगळ्यांनी मिळून केला असेल तरच तो पाळताना आपण कुणाचे मिंधे होत नाही, असा त्याचा मार्ग. भीती कळली की बाकीचं बहुतेक तर्काने येतं.

ॲरिस्टॉटलकडे मुलं सहसा ‘जुना माणूस, दोन गुणांचा’ म्हणून पाहतात. त्याचा तक्ता एकदा स्वतःच्या हाताने काढा. राज्य करणारे किती, एक, थोडे की अनेक? आणि कुणाच्या हितासाठी, सगळ्यांच्या की स्वतःच्या? सहा घरं झाली. एकाने सगळ्यांसाठी केलेलं राज्य म्हणजे राजेशाही, स्वतःसाठी केलं तर जुलूमशाही. थोड्यांचं अभिजनशाही आणि अल्पजनशाही. आता अनेकांच्या ओळीत या. चांगल्या घरात ‘पॉलिटी’ आणि बिघडलेल्या घरात, हो, लोकशाही! आमच्या गटात दर वर्षी कुणीतरी हात वर करून म्हणायचं, ‘तक्ता चुकीचा छापलाय.’ छापलेला बरोबर असतो. त्याच्या लेखी लोकशाही म्हणजे गरिबांनी बहुसंख्येच्या जोरावर फक्त आपल्या हिताचं केलेलं राज्य. तुम्ही त्याच्याशी सहमत व्हायलाच हवं असं नाही, पण ‘लोकशाही’ हा शब्द दीर्घकाळ कौतुकाचा नव्हता हे कळलं की पुढचे बरेच लेखक वेगळे दिसू लागतात.

दर आठवड्याचं वाचन

सगळं शब्दन्‌शब्द वाचून होणार नाही. आधी शेवटची दोन पानं वाचा, मग सुरुवात, मग मधलं. वाचताना तीनच गोष्टी शोधा: लेखक कुणाशी भांडतोय, त्याचं म्हणणं काय, त्यासाठी पुरावा काय देतोय. एका वाचनासाठी अर्धं पान टिपण पुरतं. रंगीत पेनांनी सगळं पान पिवळं करणाऱ्यांना मी पास होताना पाहिलंय, पण चर्चेत त्यांना काही सापडत नाही.

यंत्राकडून सारांश काढून घेण्याबद्दल: लेखकाचं भांडण कुणाशी होतं हेच बहुतेक वेळा त्यात पुसलं जातं, आणि कधी कधी नसलेले लेखही संदर्भ म्हणून येतात. एका मुलीने तसा एक संदर्भ असाइनमेंटमध्ये दिला आणि सरांनी तिला तो लेख घेऊनच यायला सांगितलं. पुढचं सांगायला नको.

निवडणुका आल्या की कागद-पेन्सिल घ्या

‘गणित नको म्हणून हा विषय घेतला’ म्हणणारे इथे सापडतात. गणित चौथीचंच आहे, पण ते हाताने केल्याशिवाय कळत नाही. तीन मतदारसंघ घ्या, प्रत्येकी शंभर मतं, आणि नियम असा की ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला.

पहिल्या मतदारसंघात अ पक्षाला ४०, ब ला ३५, क ला २५. दुसऱ्यात अगदी तसंच. तिसऱ्यात अ ला १०, ब ला ५०, क ला ४०.

आता बेरीज. अ ला एकूण ९० मतं आणि २ जागा. ब ला १२० मतं आणि १ जागा. क ला ९० मतं, म्हणजे अ इतकीच, आणि जागा शून्य. एकही मत खोटं नाही, कुणीही फसवलं नाही. मतं कुठे पडली यानेच निकाल फिरला.

हे कागदावर झालं की २०१५ ची ब्रिटनची निवडणूक वाचा. यूके इंडिपेंडन्स पार्टीला देशभर पसरलेली १२.६ टक्के, म्हणजे ३८ लाखांवर मतं पडली, जागा मिळाली एक. स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाखांच्या आसपास मतं, ४.७ टक्के, पण सगळी स्कॉटलंडमध्ये एकवटलेली, जागा ५६. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत जास्त मतं मिळालेला लेबर पक्ष विरोधात बसला. लोकांची नाराजी साचत गेली, १९९३ मध्ये सार्वमत झालं आणि १९९६ पासून तिथे मिश्र प्रमाणशीर पद्धत आली, म्हणजे मतदारसंघ राहिले, पण पक्षाच्या एकूण जागा त्याच्या मतांच्या प्रमाणात.

मग फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मोरिस द्युवेर्जे येतो. एका मतदारसंघातून एकच जण आणि सर्वाधिक मतांचा विजय, अशी पद्धत असेल तर राजकारण दोन पक्षांकडे झुकतं, हे त्याचं १९५१ च्या पुस्तकातलं म्हणणं. वरच्या गणितातले क चे मतदार पुढच्या वेळी काय करतील याचा विचार करा, कारण आपोआप सापडेल. आणि मग वहीच्या तळाशी अडचणीचं उदाहरण लिहा: भारत आणि कॅनडा. पद्धत तीच, पण पक्ष दोनाहून कितीतरी जास्त. का? माझ्या मते अख्ख्या कोर्समधला सगळ्यांत मजेदार प्रश्न हा. एखाद्या प्रदेशात दोनच पक्ष तगडे असतात, पण ते दोन प्रत्येक प्रदेशात वेगळे असतात, इथून सुरुवात करा.

वर्गात बोलताना

एकदा सक्तीच्या मतदानावर चर्चा चालली होती. वीस मिनिटं एक बाजू ‘हक्क’ म्हणून ओरडत होती, दुसरी ‘कर्तव्य’ म्हणून. मागच्या बाकावरची, सत्रभर एक शब्द न बोललेली मुलगी म्हणाली, ‘आपण सक्तीने मतदान वाढतं का हे बोलतोय, की सक्ती करणं योग्य आहे का हे?’ वर्ग गप्प.

दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याला पुरावा लागतो. ऑस्ट्रेलियात १९२२ च्या संघीय निवडणुकीत ६० टक्क्यांच्या आत मतदान झालं होतं. १९२४ मध्ये सक्तीचा कायदा आला आणि १९२५ मध्ये आकडा ९१ टक्क्यांवर गेला. इथे वाद घालायला फार जागा नाही. दुसऱ्या प्रश्नाला हा आकडा उत्तर देत नाही. तिथे स्वातंत्र्य म्हणजे काय, मत न देणं हेही मत आहे का, असे मूल्यांचे प्रश्न येतात आणि त्यांवर शहाणी माणसं वेगवेगळी उत्तरं देतात. हात वर करण्याआधी मनात एकदा विचारा: मी ‘आहे’ बोलतोय की ‘असावं’? अर्धी भांडणं इथेच मिटतात. उरलेली भांडण्यासारखी असतात.

आणखी एक भीती नवीन मुलांना असते: शिकवणाऱ्याचं राजकीय मत आपल्याविरुद्ध असेल तर गुण कापतील. क्वचित तसं घडतही असेल. माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींत मात्र कागद उघडल्यावर बहुतेक वेळा दिसलं की मत होतं, कारण नव्हतं. समोरच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा आधी तुम्हीच लिहा, मग त्याला उत्तर द्या. असा कागद कापायला हात धजत नाही.

असाइनमेंट लिहिताना

विषय समजा असा आहे: आर्थिक विकासाने लोकशाही येते का? गटातल्या एका मुलाचं पहिलं वाक्य होतं, ‘विकास झाला की लोक शिकतात आणि हक्क मागतात, म्हणून लोकशाही येते.’ ऐकायला छान. मी त्याला दोन उदाहरणं दिली. भारताने पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये घेतली तेव्हा देश गरीब होता आणि बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. सिंगापूर जगातल्या श्रीमंत देशांत गणला जातो आणि तिथे १९५९ पासून एकच पक्ष सत्तेवर आहे. तो म्हणाला, ‘मग माझं वाक्य चूक?’

चूक नव्हतं, ढिलं होतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सीमूर लिप्सेटने १९५९ मध्ये संपन्नता आणि लोकशाही यांची सांगड दाखवली, पण सोबत असणं म्हणजे कारण असणं नव्हे. १९९७ मध्ये ॲडम प्रझेवोर्स्की आणि फर्नांदो लिमोंगी या राज्यशास्त्रज्ञांनी तोच प्रश्न फोडून दोन केले: विकासाने लोकशाही येते, की कुठल्याही कारणाने आलेली लोकशाही विकासामुळे टिकते? त्यांचा कौल दुसऱ्या बाजूने होता. हे वाचून आल्यावर त्याचं वाक्य असं झालं: ‘संपन्नतेने लोकशाही येते असं म्हणण्यापेक्षा आलेली लोकशाही संपन्नतेमुळे टिकते हे जास्त पटतं, मात्र भारत या दोन्ही म्हणण्यांना त्रास देतो.’ आता या वाक्याशी भांडता येतं, आणि पुढचे तीन परिच्छेद कशाबद्दल असतील हेही दिसतं. सुरुवातीला ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’ लिहू नका. तपासणाऱ्याने त्या दिवशी ते तीस वेळा वाचलेलं असतं.

शेवटचे आठवडे आणि परीक्षा

आंतरराष्ट्रीय राजकारण शेवटी येतं आणि बहुधा घाईत उरकलं जातं. एक प्रश्न धरून ठेवा: राज्यांच्या वर कुणी पोलीस नसताना ती नियम पाळतात का, आणि कधी? सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांचा नकाराधिकार, युद्धं, व्यापार करार, सगळं या प्रश्नाभोवती लावता येतं.

परीक्षेत प्रश्नाचं क्रियापद आधी वाचा. ‘स्पष्ट करा’ला मत नको, ‘तुलना करा’ला दोन वेगळी टिपणं चिकटवून चालत नाही, ‘मूल्यमापन करा’ला मात्र बाजू घ्यावीच लागते. उत्तराआधी पाच मिनिटं कच्चा आराखडा काढा. शेजारचा पुरवण्या मागत सुटला असेल, त्याच्याकडे पाहू नका.

आणि पहिला कागद कमी गुणांचा आला तर तो घेऊन शिकवणाऱ्याकडे जा. ‘गुण का कापले?’ असं विचारलंत तर दोघंही बचावाला उभे राहता. ‘यातलं कुठलं वाक्य सगळ्यांत कच्चं आहे?’ असं विचारा. मी गेले तेव्हा सरांनी कागद उलटसुलट पाहिला, ‘लोकांच्या’खालची रेघ सोडून थेट पान दोनवर गेले आणि म्हणाले, ‘ते राहू दे. इथे तू “सगळे विचारवंत मानतात” असं लिहिलंयस. कुठले?’